विस्मृतीची मोजणी कोणाच्या बोलीत? स्मृतिभ्रंश-संशोधनाचा निधी आणि बुलडाणा जिल्हा

अष्टांगांपैकी एक संपूर्ण अंग वार्धक्यासाठी राखून ठेवणारे आपले शास्त्र आहे. वयाच्या प्रत्येक दशकात मनुष्य काय गमावतो याचा क्रम शार्ङ्गधराने लावून दिला; त्यात चौथ्या दशकात मेधा आणि नवव्या दशकात बुद्धी उणावते असे सांगितले. चरकाने रसायनाध्यायात मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी या चार मेध्य द्रव्यांची योजना केली आणि त्यांत शंखपुष्पीला विशेष स्थान दिले. एवढा वारसा पाठीशी असूनही, घरातील वृद्धाची स्मृती ढळू लागली की खेड्यापाड्यांत त्याला ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून दिले जाते. तो वैद्याच्या पायरीपर्यंत आलाच तर ब्राह्मी घृत किंवा सारस्वतारिष्ट दिले जाते; परंतु उपचारापूर्वी त्याची स्मृती किती होती आणि सहा महिन्यांनी किती राहिली, याची नोंद बहुतेक दवाखान्यांत सापडत नाही.

या लेखाचा विषय औषधयोजनेच्या एक पायरी अलीकडचा आहे. विस्मृती मोजण्यासाठी पैसा कोण देतो, तो कोणाच्या हाती पडतो, आणि ज्यांची विस्मृती मोजायची त्या समाजांतून आलेले संशोधक त्यात किती असतात, हा तो विषय होय. हा प्रश्न दूरच्या विद्यापीठांचा आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. आमच्या मते तो आपल्या जिल्ह्याचा आणि आपल्या व्यवसायाचा आहे.

उपलब्ध आकडे

भारतातील वार्धक्याचा आजवरचा सर्वांत मोठा अभ्यास म्हणजे ‘लासी’ या नावाने ओळखले जाणारे दीर्घकालीन सर्वेक्षण. त्याची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली आणि अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ४५ वर्षे व त्यावरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती त्यात घेतली गेली. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया ही विद्यापीठे यांनी ते केले. निधी केंद्रीय आरोग्य मंत्रालय, संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि अमेरिकी शासनाची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग यांचा होता. त्याच सर्वेक्षणातील साठीपुढील ४,०९६ व्यक्तींची स्मृतिभ्रंशासाठी सविस्तर तपासणी झाली. त्यावरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा : साठीपुढील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. स्त्रियांत हे प्रमाण ९ टक्के तर पुरुषांत ५.८ टक्के, ग्रामीण भागात ८.४ टक्के तर शहरांत ५.३ टक्के.

म्हणजे या व्याधीचा भार सर्वाधिक आहे तो खेड्यातील वृद्ध स्त्रीवर. तेरा तालुक्यांच्या आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २५ लाख ८६ हजार लोकसंख्येच्या आपल्या जिल्ह्यात अशा किती वृद्धा आहेत, हे मात्र या सर्वेक्षणातून कळत नाही. त्याचा नमुना देश आणि राज्य यांचे चित्र काढण्यासाठी निवडलेला आहे. जिल्ह्याचे चित्र त्यातून निघत नाही.

याआधीचे आकडे पाहिले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. हरियाणातील बल्लभगढ परिसरातील २८ खेड्यांत ५५ वर्षांवरील ५,१२६ व्यक्तींची पाहणी झाली होती. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत ६५ वर्षांपुढील स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १.३६ टक्के आढळले. मुंबईत २४ हजारांहून अधिक नागरिकांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. त्यात ६५ वर्षांपुढील प्रमाण २.४४ टक्के निघाले. या तिन्ही आकड्यांची थेट तुलना करणे योग्य नाही, कारण वयोगट, निकष आणि पद्धती निरनिराळ्या होत्या. तरीही एवढे अंतर पडते तेव्हा कोणी, कोणाला, कोणत्या शब्दांत विचारले याकडे लक्ष द्यावेच लागते.

प्रश्न बदलला की उत्तर बदलते

स्मृतीची चाचणी नाडीपरीक्षेसारखी मुक्याने होत नाही. ती भाषेतूनच होते. १९७५ पासून जगभर रूढ असलेली ‘मिनी मेंटल स्टेट’ चाचणी वृद्धाला आजचे वर्ष आणि तारीख विचारते, शंभरातून सात-सात वजा करावयास लावते, कागदावरील आज्ञा वाचून पाळावयास सांगते आणि एक वाक्य लिहून घेते. ज्या आजीने कधी पाटी धरली नाही, ती स्मृती शाबूत असूनही या चाचणीत नापास होणार. बल्लभगढच्या पाहणीतील सुमारे ७३ टक्के व्यक्ती निरक्षर होत्या. म्हणून तेथील संशोधकांनी चाचणीची हिंदी आवृत्ती तयार करताना प्रश्नच बदलले. लिहावयास सांगण्याऐवजी ‘आपल्या घराविषयी काही सांगा’ असे म्हटले. वाचून आज्ञा पाळण्याऐवजी ‘माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा’ असे सांगितले. या बदलासाठी खेड्यातील जीवन आतून ठाऊक असणारी माणसे संशोधकांच्या गटात असावी लागली. पैसा परदेशी होता. परंतु त्याचा उपयोग झाला तो या माणसांमुळे.

आता हाच विचार आपल्या जिल्ह्यात करून पाहू. देऊळगाव राजा किंवा सिंदखेडराजाच्या शेतकरी आजोबांना इंग्रजी महिना विचारला तर ते अडखळतील. पोळा होऊन किती दिवस झाले, आखाजीला अजून किती अवकाश आहे, हे विचारले तर मन स्वच्छ असल्यास लगेच सांगतील, आणि सांगता आले नाही तर ते लक्षण खरोखर विचारात घेण्याजोगे ठरेल. घाटावरची बोली आणि घाटाखालची वऱ्हाडी यांतही फरक आहे. लोणार-मेहकर भागातील तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते, अनेक गावांत दखनी उर्दू, तर सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत कोरकू, भिलाली आणि निहाली.

निहालीचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो. जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी नाते जोडता न आलेली ही भाषा आहे. भाषाशास्त्रज्ञांना तिचे मोठे कुतूहल. बोलणारे मात्र अवघे दोन-अडीच हजार, आणि त्यांपैकी बरेच आपल्या जळगाव जामोद परिसरात आणि लगतच्या बऱ्हाणपूर भागात. अशा घरातील वृद्धेची परीक्षा मराठीतून घेतली तर दोन प्रकारे चूक होते. परक्या भाषेतील प्रश्न न समजल्याने ती विस्मृतीची रुग्ण ठरते; किंवा दुभाषा म्हणून बसलेला नातू तिच्या वतीने उत्तरे देतो आणि खरी विस्मृती झाकली जाते. ही चूक यंत्राने अथवा रक्तपरीक्षेने दुरुस्त होणारी नाही. तिला एकच उपाय आहे : त्या घरात वाढलेली, तिची भाषा बोलणारी आणि संशोधनाचे शिक्षण घेतलेली व्यक्ती.

समाजातूनच आलेला संशोधक केवळ भाषांतर करत नाही. त्याला प्रश्नच वेगळे सुचतात. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्याचे पाणी पिऊन जन्म काढलेल्यांना रक्तदाब, वृक्कविकार आणि उतारवयातील विस्मृती यांचा परस्परसंबंध पाहावा असे वाटेल. उच्च रक्तदाब हा स्मृतिभ्रंशाचा मान्य धोका-घटक आहे. पण खारपाण पट्टा म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्या प्रस्तावात हा प्रश्न येणार कोठून?

दिसणारा आजार आणि न दिसणारा आजार

डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील गावांत अचानक केसगळती सुरू झाली आणि काही दिवसांत माणसांना टक्कल पडू लागले. बातमी देशभर गेली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले, पाण्याचे, मातीचे, रक्ताचे नमुने गेले. अठरा गावांतील २७९ व्यक्ती बाधित झाल्याचे नोंदले गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः पाहणी करून शिधावाटपाच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखविले.

ही तत्परता योग्यच होती. आम्हाला एवढेच नोंदवायचे आहे की डोक्यावरचे केस गेले तर ते गावाला दिसतात, छायाचित्रात येतात. डोक्यातील स्मृती गेली तर ती फक्त सुनेला किंवा लेकीला दिसते. स्मृतिभ्रंशासाठी कोणतेही पथक आपणहून येणार नाही. त्यासाठी कोणीतरी प्रस्ताव लिहून पाठवावा लागेल.

निधी आहे, पण वाटा वेगवेगळ्या

जागतिक पातळीवर हा असमतोल १९९८ मध्ये कोची येथे मांडला गेला. तेथे जन्मलेल्या संशोधकगटाचे नावच ‘टेन-सिक्स्टीसिक्स’ आहे. स्मृतिभ्रंशाचे सुमारे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत, पण लोकसंख्याधारित संशोधनापैकी १० टक्क्यांहूनही कमी त्यांच्यावर, असा त्या नावाचा अर्थ. अमेरिकेत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगने १९९७ पासून अल्पसंख्य समाजांच्या वार्धक्य-संशोधनासाठी खास केंद्रे चालविली. त्या समाजांतील तरुण संशोधकांना घडविणे हा त्यांचा एक हेतू. परंतु २०२५ मध्ये तेथील शासनाने विविधतेशी संबंधित अनेक अनुदाने रद्द केली, वाद न्यायालयांत गेले, आणि परदेशी संस्थांना मिळणाऱ्या उप-अनुदानांवरही नवे निर्बंध आले. भारतातील सर्वांत मोठ्या वार्धक्य-अभ्यासात त्याच संस्थेचा पैसा आहे, हे लक्षात घेतले तर दूरच्या एकाच थैलीवर विसंबणे किती जोखमीचे, हे वेगळे सांगावयास नको.

स्वदेशातील वाटा पाहू. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची अल्पकालीन विद्यार्थिवृत्ती फार जुनी आहे; ती एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झाली. आपल्या विद्यार्थ्यांसाठी तशी सोय २०२२ मध्ये झाली. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘स्पार्क’ योजनेत निवड झालेल्या बीएएमएस विद्यार्थ्याला दोन महिन्यांच्या लघुप्रकल्पासाठी दरमहा २५ हजार, म्हणजे एकूण ५० हजार रुपये मिळतात. त्याच परिषदेने पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ‘पीजी-स्टार’ आणि अध्यापकांसाठी ‘स्मार्ट’ अशा योजना आणल्या. ‘स्मार्ट’च्या पहिल्या टप्प्यासाठी निवडलेले विषय पाहा : संधिवात, पांडुरोग, जीर्ण कास, मेदोविकार, आमवात, स्थौल्य, मधुमेह, सोरायसिस, चिंताविकार, यकृतातील मेद. दहा विषयांत स्मृतिभ्रंश नाही. मेध्य रसायनाचा वारसा सांगणाऱ्या शास्त्राच्या प्राधान्ययादीत स्मृतीच नसावी, याचा दोष परिषदेवर ढकलून भागणार नाही. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण आम्ही रोज पाहतो आणि आमच्याकडे त्यांच्या नोंदी या आहेत, असे ठामपणे सांगणारे वैद्य पुरेसे पुढे आले तरच अशा याद्या बदलतात.

दुसरी वाट सामाजिक न्यायाच्या दिशेने जाते, आणि आपल्या व्यवसायात तिची चर्चा क्वचितच होते. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात समाजघटकनिहाय अधिछात्रवृत्ती आहेत : अनुसूचित जातींसाठी पुण्याची ‘बार्टी’, मराठा व कुणबी समाजांसाठी ‘सारथी’, इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची ‘महाज्योती’, अनुसूचित जमातींसाठी आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो; निहाल समाज कोरकूंबरोबर अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. अर्थात तांड्यावरची मुलगी किंवा सातपुड्याच्या पायथ्याचा मुलगा बीएएमएस, एमडी करून वार्धक्यावर पीएच.डी. करू इच्छित असेल तर त्याच्यासाठी कागदावर दार आहे. हे दार सुखाने उघडते असे आम्ही म्हणणार नाही. संख्येवरील मर्यादा आणि वृत्तीस होणारा विलंब यांमुळे २०२३ मध्ये संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडावे लागले होते. पात्रतेचे नियमही जाहिरातीगणिक बदलतात. तरीही या वृत्तींचा लाभ इतिहास, समाजशास्त्र, मराठी यांच्या विद्यार्थ्यांना होतो तसा आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांनीही घ्यावा, असा आमचा आग्रह आहे.

यांशिवाय आयुष मंत्रालयाच्या ‘आयुर्ज्ञान’ योजनेतील बहिःस्थ संशोधनाचे अनुदान आहे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा बोधविज्ञान संशोधनाचा उपक्रम २००८ पासून आहे. आणि खंडित कारकीर्द पुन्हा सुरू करू इच्छिणाऱ्या स्त्री-संशोधकांसाठी त्याच विभागाच्या योजना आहेत. मोठी अनुदाने एकट्या वैद्याला बहुधा मिळत नाहीत. मान्यताप्राप्त संस्थेचे नाव लागते. येथेच आपल्या संघटनेची गरज पडते.

औषधालयचालकांच्या दृष्टीने

औषधालयचालक बंधू विचारतील, यात आमचा संबंध काय? संबंध निकटचा आहे. अमेरिकेतील पोर्टलँड येथे ६५ वर्षांपुढील ५४ व्यक्तींवर ब्राह्मीच्या प्रमाणित घनसत्त्वाची १२ आठवड्यांची चाचणी झाली; २००८ मध्ये तिचे निष्कर्ष आले आणि ऐकलेले शब्द काही वेळाने आठवण्याच्या क्षमतेत सुधारणा दिसली. चाचणी लहान होती आणि घेतलेल्या व्यक्ती स्मृतिभ्रंशाच्या रुग्ण नव्हत्या, हे विसरता कामा नये. पण तीत वनस्पती कोणती आणि मात्रा किती, हे निश्चित होते. आपल्याकडे काय स्थिती आहे? ब्राह्मी म्हणून कोठे नीरब्राह्मी मिळते, कोठे मंडूकपर्णी. शंखपुष्पीच्या नावाखाली तर शंखपुष्पी, विष्णुक्रांता, गोकर्ण अशा निरनिराळ्या वनस्पती पोत्यांतून येतात. पोत्यात काय आहे याची खात्री नसेल तर सर्वांत चांगल्या संशोधकाचे सर्वांत मोठे अनुदानही वाया जाईल. जो औषधालयचालक खरेदीच्या प्रत्येक खेपेचा नमुना, तारीख आणि ओळख पटविल्याची नोंद जपतो, तो संशोधनाचा भागीदारच असतो. जो ‘स्मरणशक्ती परत आणणारे’ अशी पाटी लावतो, तो मात्र उद्याच्या संशोधनाचा विश्वास आजच खर्च करून टाकतो.

सभासदांनी काय करावे

लहान गावातून मोठे संशोधन होते याचे उदाहरण शोधायला लांब जावयास नको. वर उल्लेखिलेले डॉ. बावस्कर मूळचे शेजारच्या जालना जिल्ह्यातील. कोकणातील ग्रामीण रुग्णालयात विंचूदंशाच्या प्रत्येक रुग्णाची बारकाईने नोंद ठेवून त्यांनी प्राझोसिन या औषधाची उपयुक्तता दाखविली. गंभीर दंशातील मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले. शास्त्र वेगळे असेल, पण धडा सामाईक आहे : आधी नोंद, मग प्रस्ताव, मग निधी. त्या धर्तीवर आम्ही पुढील गोष्टी सुचवितो.

१. साठीपुढील प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर स्मृतीविषयी चार ओळी लिहाव्यात : तक्रार कोणी सांगितली, केव्हापासून, दैनंदिन व्यवहारात काय बिघडले, रुग्णाची घरची भाषा कोणती.

२. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचे विकार, विषाद, बहिरेपणा, मोतीबिंदू आणि चालू औषधांचे दुष्परिणाम ही विस्मृतीसारखी दिसणारी किंवा ती वाढविणारी कारणे प्रथम तपासावीत. आवश्यक तेथे तज्ज्ञाकडे पाठवावे. टाळता अथवा लांबविता येण्याजोगा स्मृतिभ्रंश सुमारे ४५ टक्के आहे आणि त्यामागे चौदा धोका-घटक आहेत, असे २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने म्हटले. त्यांपैकी अनेकांवर सामान्य दवाखान्यातच काम होऊ शकते.

३. गोरमाटी, कोरकू, निहाली, दखनी बोलणारे जे बीएएमएस विद्यार्थी आपल्या परिचयाचे असतील, त्यांना ‘स्पार्क’साठी लघुप्रकल्प सुचवावेत. आपल्या बोलीत स्मृतिचाचणीचे प्रश्न तयार करून ते निरोगी वृद्धांवर पडताळणे, एवढा एकच विषय दोन महिन्यांना पुरेसा आणि पुढील सर्व संशोधनाचा पाया ठरेल.

४. २०२४ मध्ये बुलडाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मानवी संशोधनासाठी नीतिसमितीची मान्यता आणि चिकित्साचाचणीसाठी राष्ट्रीय नोंदणी अनिवार्य असते. अशा संस्थेशी संघटनेने लेखी सहकार्य करावे. एकेकट्याने धावाधाव करू नये.

५. स्मृती ढळलेल्या व्यक्तीची संमती हा नाजूक विषय आहे. नातेवाइकाची सही घेतली म्हणून वृद्धाला विचारणे टळत नाही. आणि ज्या पाड्यावरून माहिती घेतली त्या पाड्यावर निष्कर्ष परत नेऊन सांगणे, हा अभ्यासाचाच भाग मानावा.

निधीची चर्चा करताना रकमेकडेच लक्ष जाते. आमच्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. निहालीसारख्या भाषेत स्मृतीचे प्रश्न तयार करायचे तर ज्यांना ती भाषा पूर्ण येते असे वृद्ध हवेत, आणि ते दरवर्षी कमी होत आहेत. पाच-सहा वर्षांच्या अभ्यासानंतर वैद्य होणाऱ्या त्यांच्याच नातवंडाला आज पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला, तरच तो वेळेवर पोहोचेल. म्हणून येत्या प्रवेशसत्रापूर्वी प्रत्येक तालुक्यातील सभासदांनी अशा किमान एका विद्यार्थ्याचा शोध घ्यावा, त्याच्या घरी जाऊन आई-वडिलांशी बोलावे आणि अर्जाच्या कागदपत्रांत त्याला साहाय्य करावे, ही आमची विनंती आहे.